टिटवीची अंडी हलवू नकोस, आणि मागचं तळं बुजू देऊ नकोस

पत्र:

ताई, मी सिव्हिल इंजिनियर, वय २६, उरणच्या बाजूला एका बिल्डरच्या साइटवर ज्युनियर म्हणून लागून वर्ष झालं. तीन टॉवर आहेत, दोघांचं प्लिंथ झालंय, तिसऱ्याचं खोदकाम चालू आहे. प्लॉटच्या मागे एक तळं आहे, भरतीला थोडं खारं पाणी येतं, पावसात गोडं होतं, एका कडेला तिवरं आणि एका कडेला पाणकणीस. गेल्या आठवड्यात खडी पसरलेल्या जागेत टिटवी चार अंड्यांवर बसलेली दिसली, साइटवरच्या एका मावशींनी दाखवली. मॅनेजर म्हणाले उचलून बाजूला ठेव, तिथून मिक्सरच्या गाड्या वळवायच्यात. पाऊस सुरू व्हायच्या आत तळ्यात भराव टाकून कंपाउंड वॉल पण पुढे घ्यायचीय. तळ्यात लांब पायांचे काळे-पांढरे पक्षी आहेत, तेही बसलेले दिसतात. मॅनेजर म्हणतात डबकं आहे ते, मच्छर होतात, बुजवलेलंच बरं. ब्रोशरमध्ये मात्र लेक व्ह्यू छापलंय. माझ्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, नोकरी घालवून चालणार नाही. अंडी टोपलीत घालून दुसरीकडे ठेवली तर चालतील का? आणि तळ्याचं माझ्यासारखा माणूस काय करू शकतो?

उत्तर:

आधी अंड्यांचं सांगते कारण त्याची घाई आहे. टोपलीत अजिबात घालू नकोस. टिटवी घरटं बांधत नाही, जमिनीत एक उथळ खळगा करते, भोवती बारीक खडे, बस. तिच्यासाठी ती जागा म्हणजेच घरटं, तू अंडी प्रेमाने उचलून पलीकडे सावलीत नेऊन ठेवलीस तरी ती जुन्या खळग्यापाशीच येऊन ओरडत राहील आणि अंडी तिकडे थंड पडतील किंवा उन्हात शिजतील. मे महिन्यात तापलेल्या खडीवर अंडी उघडी पडली की आतलं पिल्लू फार वेळ टिकत नाही. म्हणून तर नर-मादी आळीपाळीने दिवसभर बसतात, आणि एक गोष्ट तू नीट बघ, अंड्यावर यायच्या आधी पक्षी तळ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो. त्या ओल्या पोटाने अंडी गार ठेवतो. हे डोक्यात ठेव, पुढे लागणार आहे.

आता हिशोब कर. टिटवी चार अंडी पुरी झाली की मग नीट उबवायला बसते आणि साधारण २८ ते ३० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. तू गेल्या आठवड्यात पाहिलंस तेव्हा चारही होती. म्हणजे जास्तीत जास्त तीन आठवडे राहिले, कदाचित कमीच. पिल्लं कोंबडीच्या पिल्लांसारखी, अंगावर पिसं घेऊनच येतात आणि दिवसभरात चालायला लागतात, घरट्यात बसून राहत नाहीत. मॅनेजरकडे जाशील तेव्हा "पक्षी आहे, काम थांबवा" असं म्हणू नकोस, "हा एवढा तुकडा तीन आठवडे सोडा, तोपर्यंत गाड्या दुसरीकडून वळवू" असं म्हण आणि ती दुसरी वाट कागदावर काढून ने, कुठे स्टीलच्या प्लेटा टाकायच्या, कुठे गाडी रिव्हर्स घ्यायची आणि सिग्नलला कोण उभा राहणार, सगळं. साइटवर ज्याच्याकडे तयार पर्याय असतो त्याचं ऐकलं जातं, हे वर्षभरात तुला माझ्यापेक्षा जास्त कळलं असेल.

घरट्याभोवती पंधरा-वीस मीटर मोकळं सोड. पत्रे लावू नकोस, पत्र्यावर आणि उंच खांबावर कावळे येऊन बसतात आणि त्यांना वरून सगळं दिसतं. गुडघ्याएवढ्या खुंट्या ठोक, दोरी बांध, लाल-पांढरी पट्टी लाव, झालं. दोरी जमिनीपासून वर असू दे आणि तळ्याच्या बाजूला वाट मोकळी असू दे, पिल्लं निघाली की पाण्याकडे चालत जाणार. पाण्याचं भांडं, दाणे, सावलीला ताडपत्री असलं काही जवळ ठेवू नका, त्याने कुत्री आणि कावळेच येतात. रोज जाऊन फोटोही काढू नका, माणूस जवळ आला की टिटवी उठते आणि तेवढा वेळ अंडी उघडी राहतात. लांबून बघायचं.

आणि पिल्लं निघाल्यावर खरा धोका सुरू होतो. लोकांना वाटतं आता चालता येतंय तर गाडी आली की पळतील. नाही पळत. आई ओरडली की पिल्लू जागच्या जागी दबून बसतं, खडीच्या रंगाचं, आणि हालत नाही. हायवा, म्हणजे मातीचा मोठा डंपर, त्याच्या अंगावरून जाईल तरी हालणार नाही. म्हणून पिल्लं निघाली की पुढचे काही दिवस त्या बाजूला गाडी न्यायच्या आधी एक माणूस चालत पुढे पाठवायचा. ज्या मावशींनी घरटं दाखवलं त्यांनाच हे काम द्यावं असं मला मनापासून वाटतं, त्यांची नजर आहे, पण हजेरीत धरून द्या, फुकट नको.

बाकी प्लॉटवर पण एक फेरी मार. तिसऱ्या टॉवरच्या खोदकामाच्या उभ्या कडांना मनगटाएवढी भोकं दिसतायत का बघ, वेडा राघू आणि खंड्या अशा मातीच्या कडेत बीळ करून अंडी घालतात, रेतीच्या जुन्या ढिगातसुद्धा वेडा राघू बीळ करतो. तळ्याकाठी बाभूळ असेल तर पावसाच्या सुरुवातीला सुगरणी येतील. जिथे बगळे, ढोकरी, रातबगळे एकत्र घरटी करतात अशी झाडं जून ते सप्टेंबर भरलेली असतात, त्या दिवसांत फांदी छाटणंसुद्धा म्हणजे पिल्लं खाली पाडणं. छाटणी करायचीच असेल तर परवानगी घेऊन पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला, आणि तेव्हाही आधी वर बघून. पुढच्या फेजची जमीन साफ करायची असेल तर तीही फेब्रुवारीच्या आधी उरकायची, म्हणजे टिटव्या तिथे अंडी घालायला बसणारच नाहीत. अर्थात ज्या जमिनीवर बांधायची रीतसर परवानगी आहे तिचंच बोलतेय मी.

मॅनेजरला कायदा सांगावा लागला तर हा सांग. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकार या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे धरलेलं आहे, बंदूक लागत नाही त्याला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालासुद्धा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि हे नुसतं कागदावर नाहीये. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात हायवे रुंद करायला घरट्यांनी भरलेलं मोठं झाड पाडलं, पिल्लं रस्त्यावर पडून मेली, तो व्हिडिओ देशभर फिरला आणि वनखात्याने गुन्हा नोंदवला. सरकारी रस्त्याच्या कामावर झालं ते. तुमची तर खाजगी साइट आहे.

पण ऐक. मला खरी काळजी अंड्यांची नाहीये.

अंड्यांचं बहुतेक जमेल. तू नीट बोललास तर मॅनेजर तीन आठवडे देईलही, फोटो काढतील, कंपनीच्या पेजवर टाकतील, "आम्ही टिटवीसाठी काम थांबवलं" म्हणून लोक लाइक करतील, आणि त्याच आठवड्यात मागच्या बाजूने तळ्यात हायवा रिकामे होतील. असं होताना दिसतं आणि सगळ्यांना वाटतं आपण चांगलं वागलो. म्हणून वर म्हणलं की भिजलेल्या पोटाचं लक्षात ठेव. ज्या पाण्याने ती अंडी गार ठेवतेय, ज्या काठावर तिची पिल्लं पहिल्या दिवसापासून किडे टिपणार आहेत, ते तळं गेलं तर अंडी वाचवून काय वाचवलं? घरट्याची सवलत घेऊन तळ्याचा विषय सोडू नकोस. अंडी तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, तळं बुजलं की कायमचं बुजलं.

तळ्यातले लांब पायांचे काळे-पांढरे म्हणजे शेकाटे, गुलाबी-लाल पाय असतील बघ. तेही चार अंडी घालतात, उथळ पाण्यातल्या चिखलाच्या उंचवट्यावर, पाण्यापासून जेमतेम बोटभर वर. पाणकणसात टिबुकली असेल, तिचं घरटं तर तरंगतं, झाडपाल्याचा गोळा नुसता, बाहेर जाताना अंडी पाल्याने झाकून जाते म्हणून दिसत नाही. या दोघांना भराव टाकायचीही गरज नाही, तुम्ही नुसती पाण्याची पातळी बदलली तरी संपलं. तिसऱ्या टॉवरचं डीवॉटरिंग, म्हणजे खड्ड्यातलं पाणी उपसणं, चालू असेल ना? पंपाचं तोंड कुठे सोडलंय ते आजच जाऊन बघ. ते तळ्यात सोडलं असेल तर एका रात्रीत पाणी वीतभर चढून शेकाट्यांची अंडी बुडतील, वर तो सगळा गाळ तळ्यात बसेल. ते पाणी आधी गाळ बसायच्या खड्ड्यात घ्यायचं, निवळलं की ठरलेल्या नाल्याला द्यायचं. मिक्सरच्या गाड्या कुठे धुतात तेही बघ, सिमेंटचं पाणी भयंकर अल्कली असतं, तळ्यात गेलं की मासे, किडे, बेडकांची पिल्लं सगळं मरतं. एका कोपऱ्यात जाड प्लास्टिक टाकून धुवायचा खड्डा कर, सुकलेलं काँक्रीट तिथून उचलता येतं. हे दोन्ही तुझ्या हातातलं आहे, याला कुणाची सही लागत नाही, ज्युनियर इंजिनियरच ठरवतो पंपाचा पाइप कुठे टाकायचा ते.

लेबर कॅम्पचा कचरा पण. उरलेला भात-डाळ काठावर टाकतात, त्याने कुत्री जमतात, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं सगळ्यात जास्त नुकसान कुत्रीच करतात. झाकणाचे दोन ड्रम ठेव आणि रोज उचलायला लाव. रात्रीचे हॅलोजन तळ्याकडे तोंड करून असतील तर खाली वळव.

आता मच्छर. हे वाक्य प्रत्येक तळ्याबद्दल ऐकलंय मी, आणि याचं उत्तर साइटवरच्या माणसाला सगळ्यात चांगलं देता येतं. ज्या तळ्यात मासे आहेत, चतुर आहेत, बेडूक आहेत तिथे डासांच्या अळ्या खाल्ल्या जातात. शहरातला मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी आणि डेंग्यूचा एडिस, दोघांना साठवलेलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी आवडतं, म्हणजे क्युरिंगच्या (काँक्रीट भिजवायच्या) टाक्या, ड्रम, लिफ्टचा खड्डा, स्लॅबवर बांधलेली पाण्याची आळी. म्हणून तर पालिकांची माणसं बांधकामांवर येऊन नोटिसा देतात. मॅनेजरना म्हण, सर आपण आधी आपले ड्रम झाकू.

आता तळ्याला कायद्याचा आधार काय, ते बघू. इथे लोक सरळ "पाणथळ कायदा" म्हणून उडी मारतात आणि समोरचा वकील एका मिनिटात गप्प करतो, कारण २०१७ चे पाणथळ नियम सीआरझेडमधल्या (किनाऱ्यालगतच्या नियंत्रित पट्ट्यातल्या) जागांना, मिठागरांना, भातशेतीला लागू होत नाहीत. तुझ्या तळ्यात भरतीचं पाणी येतं आणि काठावर तिवरं आहेत, म्हणजे तुझा सगळ्यात भक्कम आधार तिवरं आहेत. मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये स्वच्छ सांगितलंय की कांदळवनाचा, म्हणजे तिवरांच्या वनाचा, नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, जमीन खाजगी असो की सरकारी, तिवरांवर भराव नाही, भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकाम नाही, आणि जिथे तोडलीत तिथे परत उभी करा. सीआरझेड २०१९ च्या अधिसूचनेतही हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाला ५० मीटरचा पट्टा सोडायचा आहे, तिवरं खाजगी जमिनीवर असतील तर मात्र तिच्यात सूट आहे, तेव्हा हायकोर्टाचा आदेश पुढे कर. टेप घे, तिवरांच्या कडेपासून नवीन कंपाउंड वॉलच्या लाइनीपर्यंत मोज. तुझं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

तिवरं नसती आणि तळं नुसतं गोड्या पाण्याचं असतं तर वेगळं बघावं लागलं असतं, ते इतर वाचकांसाठी सांगते कारण पुणे, नाशिक, नागपूरकडूनही अशीच पत्रं येतात. २.२५ हेक्टर म्हणजे साधारण साडेपाच एकरांपेक्षा मोठी, देशाच्या पाणथळ नकाशात नोंद असलेली २,०१,५०३ ठिकाणं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये संरक्षणाखाली आणली, राज्याने अधिसूचना काढली नसली तरी. डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने पुन्हा राज्यांना प्रत्यक्ष जागेवर जाऊन हद्दी आखायला सांगितल्या. तेव्हा तुमच्या गावचं तळं त्या यादीत आहे का हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, लेखी विचारा. त्याहून छोटं असेल तर गाव नकाशा, सातबारा, आणि शहरी हद्दीत झाडं असतील तर १९७५ चा वृक्ष कायदा, असं एकेक करत जावं लागतं. कष्टाचं आहे पण होतं.

परत तुझ्याकडे. तुझ्याजवळ एक गोष्ट आहे जी पक्षीप्रेमी मंडळींकडे कधीच नसते. ड्रॉइंग. मंजूर लेआउट काढ आणि बघ, कंपाउंड वॉल मंजूर नकाशात कुठे आहे आणि आता कुठे घ्यायला सांगतायत. "पुढे घ्यायची" हे तुझेच शब्द आहेत. प्लॉटची हद्दच तिथे नसेल तर पक्ष्यांचा विषय काढायचीही गरज नाही, सर ही लाइन मंजूर प्लॅनमध्ये बसत नाही, ओसीला (इमारत वापरायच्या दाखल्याला) अडेल, एवढं पुरे. दुसरा कागद पर्यावरण मंजुरीचा. बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ती लागतेच, तीन टॉवर म्हणजे लागली असणार, आणि मंजुरीपत्राखाली अटींची मोठी यादी असते, ओढे-नाले वळवू नका, सांडपाणी सोडू नका, वरची माती जपून ठेवा वगैरे. दर सहा महिन्यांनी कंपनी त्या अटी पाळल्याचा अहवाल देते. केंद्र सरकारच्या परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर सापडेल. वाच आणि तळ्याला लागू होणाऱ्या अटींवर खूण कर.

आणि ब्रोशर! लेक व्ह्यू छापून फ्लॅट विकलेत ना, मग रेराचं, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम १२ मॅनेजरपेक्षा सेल्सवाल्यांना जास्त कळेल. जाहिरातीवर विश्वास ठेवून पैसे भरले आणि ती खोटी निघाली तर ग्राहकाला भरपाई मागता येते, पैसे परत मागता येतात. तळ्याच्या बाजूचे फ्लॅट जास्त भावाने गेले असतील. तळंच राहिलं नाही तर ते सगळे घेणारे उद्या दारात उभे राहतील. हे म्हणणं मीटिंगमध्ये पक्ष्यांच्या आधी मांड, मला वाईट नाही वाटणार, तळं राहिलं म्हणजे झालं.

त्याच मीटिंगमध्ये पाण्याचंही बोल. पावसात त्या भागाचं पाणी आज त्या तळ्यात उतरतं. तळं भरलंत तर ते पाणी नाहीसं होणार नाही, ते तुमच्या बेसमेंटच्या पार्किंगमध्ये येईल नाहीतर शेजारच्या गावात शिरेल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आपल्या किनाऱ्यावर असा दिवस परत येणार नाही असं कुणीच म्हणू शकत नाही. तू इंजिनियर आहेस, लेव्हल घे, तळ्यात किती पाणी मावतं त्याचा आकडा काढ आणि तो आकडा टेबलावर ठेव.

अजून एका गोष्टीवर डोळा ठेव, भरतीचं पाणी तळ्यात येतं ती वाट. उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) असेल, बांधाखालून पाइप असेल, रस्त्याखालची मोरी असेल. ती बंद झाली की एक घमेलं माती न टाकता तळं मरतं. नेरूळच्या डीपीएस तलावाचं हेच झालं होतं, पाण्याची वाट बंद झाल्यावर तलाव आटला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेलेले सापडले. गावकरी आणि पर्यावरणवाले ओरडले तेव्हा कुठे सरकार हललं. तुमच्या साइटवरचा राडारोडा त्या मोरीच्या तोंडाशी पडत नाही ना, हे दर आठवड्याला बघ.

फ्लेमिंगोंचं निघालंच आहे तर एक बोलते. नवी मुंबई-उरणकडे कुठलंही तळं वाचवायचं म्हणलं की पहिला प्रश्न येतो, तिथे फ्लेमिंगो येतात का, आणि नाही म्हणलं की समोरच्याचा रस संपतो. फ्लेमिंगोंचं मला कौतुकच आहे. ठाण्याची खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, चांगलं झालं. पण फ्लेमिंगो इथे खायला येतात, पिल्लं कच्छच्या रणात काढतात. भरती आली की खाडीचा चिखल बुडतो आणि त्यांना टेकायला अशीच आतली तळी लागतात, म्हणजे तुझं तळं त्यांच्याही कामाचं असू शकतं. पण टिटवी, शेकाटे, टिबुकली हे इथेच जन्मतात, इथेच वाढतात. एकही गुलाबी पक्षी आला नाही तरी ते तळं तितकंच मोलाचं आहे.

आता नोकरीचं. तू हे शेवटी आणि जरा लाजत लिहिलंयस, लाजू नकोस. हप्ता भरणाऱ्या माणसाला मी "जा, लढ" असं सांगणार नाही. क्रम असा ठेव. आधी तोंडी बोल, पर्याय घेऊन, मॅनेजरना वरच्या लोकांसमोर उघडं न पाडता. मग तेच मुद्दे साध्या मेलमध्ये लिही, तक्रार म्हणून नाही, साइटची अडचण म्हणून: कंपाउंड वॉलची लाइन मंजूर प्लॅनशी जुळत नाही, तिवरांपासूनचं अंतर इतकं आहे, पुढे कसं करायचं ते सांगावं. असा मेल लिहिणं तुझं कामच आहे, त्यासाठी कुणी काढत नाही, आणि उद्या गुन्हा दाखल झाला तर "साइट इंजिनियरने परस्पर केलं" असं तुझ्यावर ढकलता येणार नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, अशा वेळी सगळ्यात खालच्या माणसाचं नाव सगळ्यात आधी पुढे करतात. अंडी हलवायचा किंवा तळ्यात गाडी रिकामी करायचा तोंडी हुकूम आला तर लेखी मागून घे, नम्रपणे.

एवढं करूनही हायवा तळ्याकडे वळले, तर तक्रार तुझ्या नावानेच झाली पाहिजे असं काही नाही. त्या तळ्यावर तुझ्याआधी गावाचा हक्क आहे. तिथे कोण निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी पकडायला येतं बघ, आगरी-कोळी घरांतल्या बाया-माणसं असतील, त्यांना काय चाललंय ते कळू दे. वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे, तहसीलदार आहेत, आणि हायकोर्टाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली पाणथळ जागांच्या तक्रारींसाठी समिती नेमलेली आहे. घरट्यांचं काही तातडीचं असेल तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६. तक्रारीसोबत फोटो हवेत, तारीख आणि लोकेशन दिसणारे, आणि गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं बघता येतात ती काढून ठेवा, दहा वर्षांपूर्वी तिथे पाणी होतं हे त्यातून एका नजरेत दिसतं. "इथे तळं नव्हतंच" हे पहिलं उत्तर येणार असतं, त्याला तेवढंच पुरतं.

टिटवीदेखील समुद्र आटवते अशी म्हण आहे आपल्याकडे, तिच्या अंड्यांसाठीच ती समुद्राशी भांडते. तुला समुद्राशी भांडायचं नाहीये, एका पंपाचा पाइप वळवायचाय, एक दोरी बांधायचीय, एक लाइन टेपने मोजून मेल टाकायचाय. पाइप आणि दोरी आजच कर. टेप उद्या सकाळी, मॅनेजर साइटवर यायच्या आधी. तिवरांपासूनचं अंतर किती भरलं आणि मंजूर प्लॅनमध्ये वॉल कुठे आहे ते मला लिहून पाठव, गट नंबर आणि बिल्डरचं नाव मात्र इथे उघड लिहू नकोस. त्यावरून पुढचा मेल कसा लिहायचा ते आपण ठरवू.